काटा चढला होता

‘गाडी तापली!’ हे दोन शब्द मे महिन्याच्या दुपारी, ऐन घाटात ऐकायची पाळी कुणावर येऊ नये. गेल्या वर्षी ती आमच्यावर आली. आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही चिपळूणहून कराडला निघालो होतो. गाडी मामाची, बरीच जुनी. चारच्या आत दवाखान्यात पोहोचायचे होते. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला. पुढे मालाने भरलेला ट्रक. त्याच्यामागे आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगू लागली आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. वळणापलीकडे थोडी मोकळी जागा पाहून मामाने गाडी कडेला घेतली.

मामाला आश्चर्य वाटले. मला वाटले नाही. चारच दिवसांपूर्वी चिपळूणच्या बाजारपेठेत मी गाडी घेऊन कोंडीत अडकले होते, तेव्हा हाच काटा असाच चढला होता. कोंडी सुटली, गाडी महामार्गावर धावू लागली आणि काटा आपोआप खाली आला. मला परवाना मिळून दोन महिनेच झाले होते. सांगितले तर मामा पुन्हा किल्ली देणार नाही, या भीतीने मी गप्प बसले.

बॉनेट उघडताच मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. मामा ओरडला, “अगं, हात काढ! भाजशील!” आतले पाणी कुकरप्रमाणे दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण काढले की दाब जातो आणि ते उसळून अंगावर येते. आम्ही पाऊण तास झाडाखाली बसून राहिलो.

“याआधी कधी काटा चढला होता का गं?” मामाने सहज विचारले.

आजी माझ्याकडेच तोंड करून बसली होती. मी सगळे सांगून टाकले. आता बोलणी खावी लागणार, असे वाटले, पण मामाने एवढेच विचारले, “गाडी उभी असताना चढला, आणि पळू लागल्यावर उतरला? नक्की?”

“नक्की.”

“मग पंखा फिरत नाही.”

त्याने मला समजावले. गाडी वेगात असताना रेडिएटरवर वारा आपोआप येतो. गाडी उभी असली किंवा रांगत असली की ते काम पंख्याला करावे लागते. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचा पंखा पट्ट्यावर चाले. इंजिन फिरले की तोही फिरणारच. आताचा पंखा विजेवरचा. त्याच्या वाटेवर फ्यूज, रिले, उष्णतेचा सेन्सर आणि मोटर अशी चार ठाणी. सोपे ते आधी तपासायचे.

फ्यूज काढून पाहिला. आतली तार शाबूत होती. इंजिन निवल्यावर पाणी भरले, गाडी सुरू करून एसी लावला. एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. तो हलला नाही. गाडी बंद करून मामाने पंख्याचा रिले काढला. हॉर्नचा रिले अगदी तसाच होता, पण घाटात हॉर्नशिवाय कसे जायचे? म्हणून एसीच्या कॉम्प्रेसरचा, त्याच क्रमांकाचा रिले तिथे बसवला. गाडी सुरू केली, एसीचे बटण दाबले, आणि घर्रर्र करीत पंखा फिरू लागला! बटण बंद करून, खिडक्या उघड्या टाकून आम्ही घाट चढलो.

कराडला पोहोचायला साडेपाच वाजले. वेळ हुकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली. नवा रिले दोनशे रुपयांच्या आतच आला, पण आजीला एक रात्र परक्या गावातल्या लॉजवर काढावी लागली. दिवा मालवताना ती म्हणाली, “मला दिसेनासं झालं, ते मी सांगितलं. तुला दिसत होतं, ते तू का नाही गं सांगितलंस?”

मला उत्तर सुचले नाही.

परतताना मामाने किल्ली माझ्याच हातात दिली. कराडच्या चौकात गाड्यांची रांग लागली, काटा थोडा वर सरकला. “मामा, काटा चढतोय,” मी लगेच म्हणाले. क्षणभराने पुढून पंख्याची घरघर ऐकू आली. मागे आजी, डोळ्यावर काळा चष्मा लावून, स्वस्थ बसली होती.