मृगया आणि पारध

साहित्याच्या वर्गात धनुष्य वर्षातून अनेकदा येते. सीतास्वयंवर आले की येते, एकलव्य आला की येते, शाकुंतलाचा पहिला अंक काढला की येते. इतक्या वेळा भेटणारी ही वस्तू घडते कशी, हे मात्र शिकवणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते. गेल्या हिवाळ्यात जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात, एका वृद्ध सुताराच्या पडवीत बसून मी एक धनुष्य घडताना पाहिले. थोडेफार माझ्या हातूनही घडले. त्या निमित्ताने धनुष्य, हरीण आणि शिकार या तीन शब्दांकडे पुन्हा पाहावेसे वाटले. हा मजकूर त्याविषयी आहे.

जोतिबाचा डोंगर वेळूला परका नाही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत उंचच उंच सासनकाठ्या तोलत नाचवणारे भाविक पाहिले की वेळूची लवचीकता किती ताकदीची असते ते कळते. सातपुड्यातील भिल्लांचे धनुष्य या वेळूचेच असते, आणि त्याची दोरीही पुष्कळदा वेळूच्याच सालपटाची. ‘भिल्ल’ हे नावच धनुष्यवाचक द्राविडी ‘बिल’ या शब्दावरून आले असे अनेक अभ्यासक मानतात. आमच्या आप्पांनी मात्र वेळू न घेता धामण घेतली. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी वर्षभर सावलीत वाळवून ठेवलेला तो सरळ फाळका होता. धामणीला संस्कृत कोशांत ‘धनुर्वृक्ष’ असे नाव आहे. आप्पांना ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच, की घाव सोसून न मोडणारे लाकूड वाकवले तरी मोडणार नाही.

काम सुरू झाले तेव्हा त्यांनी एकच नियम सांगितला. “सर, पाठीला हत्यार लावायचं न्हाई. काय काढायचं ते पोटाकडनं.” धनुष्याची पाठ म्हणजे नेम धरणाऱ्यापासून दूर असलेली बाजू आणि पोट म्हणजे त्याच्याकडची. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवरचा एखादा तंतू जरी कापला गेला, तरी चीर तिथूनच सुरू होते. म्हणून साल काढल्यावर जो अखंड थर मिळतो तो तसाच ठेवायचा, मधला मुठीचा भाग जाड राखायचा आणि पोटाकडून वाकसाने, मग रंध्याने, शेवटी काचेच्या तुकड्याने दोन्ही टोकांकडे निमुळते करत न्यायचे. त्यानंतरचे काम सर्वांत वेळखाऊ होते. सैल दोरी बांधून धनुष्य खुंटीला अडकवायचे, हळूच ओढायचे आणि लांब उभे राहून दोन्ही बाहू सारखे वाकतात का ते पाहायचे. जिथे ताठरपणा दिसेल तिथे चार ढलप्या काढायच्या. पुन्हा ओढायचे, पुन्हा पाहायचे. जास्त काढले तर ते परत चिकटवता येत नाही. दोरी तागाची, तीन पेडी, मेण लावलेली. काम संपले की ती उतरवून ठेवायची, कारण सतत ताणलेले लाकूड त्या वळणालाच सवयीने धरून बसते.

पडवीत बसल्या बसल्या मला कौटिल्य आठवत होता. अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत. विष्णूच्या ‘शार्ङ्ग’ धनुष्याचे नावही शिंगावरूनच आलेले आहे. दोऱ्यांसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायू अशी यादी आहे. मूर्वेची दोरी ती ‘मौर्वी’. पुढे कोणत्याही दोरीला काव्यात मौर्वी म्हणू लागले. धनुष्याचे टोक ती ‘कोटी’. आणि दोरी म्हणजे ‘गुण’. आपण ‘सगुण’, ‘निर्गुण’, ‘गुणवान’ असे शब्द दिवसभर वापरतो. त्यांच्यात कुठेतरी वळलेल्या तागाचा पीळ आहे हे ध्यानात येत नाही. ‘लक्ष’, ‘वेध’, ‘अनुसंधान’ हे सारे शब्दही नेमबाजाच्या हातून आले आणि आता अभ्यासकाच्या आणि साधकाच्या तोंडी आहेत. ‘कमान’ हा फारसी शब्द मूळचा धनुष्याचाच. तो देवळाच्या दारावर दगडी होऊन बसला आहे.

आता हरणाकडे येऊ. ‘मृग’ या शब्दाचा अर्थ आधी कोणतेही रानटी जनावर असा होता. तो पुढे हरणापुरता आकुंचित झाला. ‘मृग्’ या धातूचा अर्थ शोधणे. ‘मार्गण’ म्हणजे शोध आणि बाणही. हा अर्थसंबंध किती नेमका आहे हे धनुष्य हातात घेतल्यावर कळते. लाकडी धनुष्याचा बाण भरवशाने लागतो तो वीस-तीस पावलांवरून. हरणाइतक्या सावध प्राण्याच्या तेवढ्या जवळ जायचे तर वारा कुठून येतो, पाणवठा कुठे, पाऊलखूण कालची की आजची, हे सारे वाचता यायला हवे. बाण लागल्यावरही जनावर जागीच पडत नाही. रक्ताचे थेंब शोधत तासन्तास जावे लागते. थोडक्यात, अशी शिकार म्हणजे नव्वद टक्के शोध आणि उरलेला बाण.

या एकाच कृतीला आपल्या भाषेत दोन नावे आहेत: मृगया आणि पारध. कोशात ती समानार्थी दिसतील, पण त्यांची कुळे निराळी. मृगया राजाची. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांत तिला पहिले स्थान दिले हे खरे. पण शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती तिचे गुण गातो, आणि पहिल्या अंकात ताणलेला बाण तपस्व्याच्या एका शब्दाने भात्यात परत गेला की राजाला शाप मिळत नाही, आशीर्वाद मिळतो. उलट रामायणाच्या आरंभी क्रौंच पक्ष्याला मारणारा निषाद मात्र शापाचा धनी होतो, आणि आदिकाव्याचा उगम त्या शापातच सांगितला जातो. ‘पारध’ या शब्दाचे मूळ संस्कृतात ‘पापर्द्धि’ असे देतात, म्हणजे पापाची वृद्धी. मला तर अशी शंका येते की लोकांच्या तोंडी असलेल्या प्राकृत ‘पारद्धि’ला पंडितांनी मागाहून हे संस्कृत रूप चढवले असावे. तसे असेल तर तो व्युत्पत्तीपेक्षा निवाडाच अधिक आहे.

या निवाड्याचा इतिहास कोल्हापूरच्या परिसरातच वाचता येतो. करवीर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे. डोळ्यांवर टोपडे घातलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ न्यायचा आणि टोपडे काढून सोडायचा. दाजीपूरचे रान हे संस्थानचे राखीव शिकारीचे रान. त्याच काळात फास लावून हरणे धरणारी फासेपारधी जमात, 1871 च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले अशांच्या रांगेत उभी होती. राजर्षी शाहूंनी फासेपारध्यांना संस्थानात कामे दिली, वस्ती करून दिली, आणि 1918 मध्ये अशा जमातींवरची हजेरीची सक्ती उठवायला सुरुवात केली. स्वतः मोठे शिकारी असलेल्या राजाने पारध्याला जवळ करावे, याचे मला विशेष वाटते. रानाचे ज्ञान कुणाजवळ आहे हे त्यांना शिकारीतूनच कळले असणार. पुढे 1952 हे साल आले. त्या वर्षी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, आणि त्याच वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 1958 मध्ये दाजीपूरचे रान अभयारण्य बनले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राजा आणि पारधी दोघांचीही शिकार बंद केली.

ती बंद झाली हे योग्यच झाले. मी घडवलेला बाण गवताच्या पेंढीपलीकडे जाणार नाही, आणि हरणावर तो रोखण्याची इच्छाही नाही. पण एकाच कायद्याने दोघांच्या हाती वेगवेगळे काहीतरी उरले, हे विसरता येत नाही. राजाच्या मृगयेतून अभयारण्य, छायाचित्रे, वाड्याच्या भिंतीवरची शिंगे आणि आठवणींची पुस्तके उरली. पारध्याच्या हाती गुन्हेगाराचे नाव तेवढे उरले. कायदा गेला तरी पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतून ते अजून पुरते गेलेले नाही. त्याचे वारा, पाऊल आणि पाणवठा वाचण्याचे ज्ञान कुणी लिहून ठेवले असेल तर ते मारुती चितमपल्लींसारख्या, त्या माणसांजवळ बसून शब्द टिपणाऱ्या एखाद्याच लेखकाने.

मराठी परंपरेने पारध्याला एकदा तरी निराळा न्याय दिला आहे. श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’त, 1718 च्या त्या ग्रंथात, बेलाच्या झाडावर बसलेला व्याध हरिणीचे शब्द ऐकतो आणि बाण आवरतो, पिलांना भेटून ती खरोखर परत येते, आणि शेवटी हरणांसोबत त्या व्याधाचाही उद्धार होतो. दुष्यंताला थांबवायला तपस्वी लागला. हा आपण होऊन थांबला. शिवरात्रीला घरोघर ही कथा वाचली जाते, तिच्याकडे शिकारी माणसाची कथा म्हणून मात्र आपण पाहत नाही.

यंदा शाकुंतल शिकवताना फळ्यावर ‘मृगया’ लिहिल्यावर शेजारी ‘पारध’ लिहिले आणि दोन्हींच्या व्युत्पत्ती मुलांना शोधायला सांगितल्या. आणि दुसऱ्या तासाला धनुष्य वर्गात नेले. दोरी उतरवलेले ते लाकूड एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेले. पाठ कुठली आणि पोट कुठले, हे मागच्या बाकावरच्या एका सुताराच्या मुलाने न सांगता ओळखले.