वळिवड्याच्या वाटेवरची शाळा

दुसरं महायुद्ध उचगावच्या शाळेत आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते संपलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. युद्ध म्हणजे मला माहीत होत्या त्या दोनच गोष्टी, कंट्रोलची साखर आणि आबांचा कोबी.

आबा पहाटे गाडी जुंपून वळिवड्याला भाजी घेऊन जात. तिथं १९४३ पासून पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, त्यांत बाया आणि पोरंच जास्त. रशियानं त्यांना घरातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती कोल्हापूर संस्थानात आली होती. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा गावाला कोडं एवढंच की ही माणसं गोरी असून साहेब कशी नाहीत? गोरी बाई स्वतः पिशवी घेऊन येते, कोबी दाबून बघते आणि पैशा-पैशासाठी आबांशी भांडते, हे आमच्या आजीला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. त्या बायकांना कोबी आणि बीट लागे. उचगावात बीट कोण खाणार? आबांनी त्यांच्यासाठी म्हणून दोन सरी लावल्या. घरी वाटे मोजतानाही त्यांच्या तोंडून ‘येडेन, द्वा, त्शी’ निघायचं आणि आई तोंडाला पदर लावून हसायची.

शाळा म्हणजे शेणानं सारवलेली एक लांब खोली. शनिवारी सारवायचं काम मुलींकडं. आम्हा मुलग्यांकडं पाणी आणण्याचं, आणि त्यातलं निम्मं आम्ही वाटेतच एकमेकांच्या अंगावर संपवायचो. पावकी, निमकी, दिडकी एका सुरात म्हणायची. ज्याचं तोंड नुसतं हलतंय तो गुरुजींना बरोबर दिसायचा. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा करायची, त्या दिवशी मात्र निरगुडीची फोक कोपऱ्यात निवांत असे. शाळा बुडवायची सोय नव्हती. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. महाराज जाऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी आजी मला त्या रुपयाचाच धाक घालायची. "शाळंत जा बाबा, न्हाईतर रुपाया भरायला लागंल."

एकदा गुरुजींनी युरोपचा नकाशा भिंतीला लावला आणि विचारलं, "वळिवड्याची माणसं कुठली, दाखवा." कुणालाच सापडेना. शेवटी त्यांनीच काठी ठेवली, ती जर्मनी आणि रशियाच्या मधोमध. "हितली. दोन्हीकडनं दाबली, म्हणून आपल्याकडं आली." एवढंच. इतका नेमका इतिहास पुढं मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही.

साखर कंट्रोलवर होती, पण गूळ आमचा घरचा. थंडीत मळ्यात गुऱ्हाळ लागायचं. रात्रंदिवस चुलवाणात चिपाडं, काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी झाऱ्यानं काढत उभा असलेला गुळव्या. एके दिवशी आबांच्या गाडीतून छावणीतली दोन भावंडं आली. मुलगी माझ्यापेक्षा थोडी मोठी, मुलगा माझ्याएवढा. गुळव्यानं उसाच्या कांडक्याचं टोक काहिलीत बुडवून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते आधी हुंगलं, मग जिभेनं टोकलं, आणि मग तोंड भाजलं तरी सोडलं नाही. बहीण त्याला त्यांच्या भाषेत दटावत होती, आणि दटावता दटावता स्वतःचंही कांडकं चाटत होती. जाताना आईनं गुळाचा एक लहानसा रवा फडक्यात बांधून दिला. मुलीनं गुडघा किंचित वाकवून मान लववली. आईला वाटलं पोरीच्या पायात काटा मोडला. ती खाली बसून तिचा पाय बघायला लागली.

युद्ध संपलं तरी ती माणसं लगेच परत गेली नाहीत. जाणार कुठं? बहुतेकांची गावं होती पोलंडच्या पूर्वेला, आणि तो मुलूख रशियाकडं गेला होता. १९४८ पर्यंत छावणी हळूहळू रिकामी होत गेली. बरीच कुटुंबं इंग्लंडला गेली. तिथंही पहिली काही वर्षं अनेकांना जुन्या लष्करी छावण्यांतल्या पत्र्याच्या झोपड्यांत काढावी लागली, आणि इंग्लंडात मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवर १९५३ पर्यंत रेशन होतं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ते काहिलीजवळचं पोरगं आठवलं. महायुद्ध जिंकलेल्या देशात त्याला गोड खायला कुपन लागत असणार, आणि इकडं मी गुळाच्या ढेपेवर बसून गृहपाठ करत होतो.

त्याच १९४८ च्या सुरुवातीला गांधीजींचा खून झाला. कोल्हापुरात जाळपोळ झाली, जयप्रभा स्टुडिओ जळाला, शाळा काही दिवस बंद. मोठी माणसं त्याबद्दल आमच्यादेखत बोलत नसत. पुढं १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आजी त्या दिवशी जेवली नाही. आम्हाला शाळेत पेढा मिळाला.

वळिवड्याच्या त्या रिकाम्या झोपड्यांत आता सिंधी निर्वासित आले आणि वस्तीचं नाव गांधीनगर पडलं. आबांचं बीट बंद झालं, त्या सरींत भेंडी आली. आमच्या वर्गात एक सिंधी मुलगा दाखल झाला. पहिल्या दिवशी गुरुजींनी त्याला पाटीवर नाव लिहायला सांगितलं. त्यानं पेन्सिल उजव्या कडेला टेकवली आणि डावीकडं लिहीत निघाला. सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. गुरुजी उठून त्याच्या मागं गेले, वाकून बराच वेळ ती अक्षरं बघत राहिले. मग म्हणाले, "उजवीकडनं लिव्ह न्हाईतर डावीकडनं, नाव तुझंच हाय न्हवं?" आणि जो सर्वांत मोठ्यानं हसला होता, त्याला म्हणजे मला, उठवून त्याच्या शेजारी बसवलं. त्याला बाराखडी शिकवायचं काम माझ्याकडं आलं. चार महिन्यांत तो माझ्यापेक्षा वळणदार लिहू लागला आणि बाराखडीबरोबर शिव्याही माझ्याकडूनच शिकला.

पुढं हायस्कूलला मी सायकलनं कोल्हापुरात जाऊ लागलो. तिथल्या दिवसांविषयी सांगण्यासारखं फार नाही, एक १९५२ सोडून. हेलसिंकीत खाशाबा जाधवांना कुस्तीत कांस्यपदक मिळालं आणि कोल्हापूर वेडं झालं. खाशाबा राजाराम कॉलेजचे. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण ठेवलं होतं, ही गोष्ट पोरापोराच्या तोंडी होती. महिनाभर आमच्या शाळेत कुणी सरळ चालत नव्हतं, सगळे दंड फुगवून.

सिंधी मित्र मॅट्रिकपर्यंत थांबला नाही. त्याचे वडील खांद्यावर कापडाचे तागे घेऊन खेडोपाडी फिरायचे, तो त्यांच्याबरोबर फिरू लागला. आता गांधीनगरची कापडपेठ केवढी झालीय, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तिथं त्याचं दुमजली दुकान आहे. माझ्या नातीच्या लग्नाचा बस्ता त्याच्याकडंच बांधला. चहा दोनदा पाजला, घरच्यांची चौकशी केली, गुरुजींची नक्कल करून दाखवली. बिलाची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "अरे, बाराखडी शिकवलीय तुला, काहीतरी कमी कर."

"पाव्हणं, बाराखडीचं तवाच फिटलं की! माझी गणितं बघूनच सातवी काढलीसा न्हवं?" असं म्हणत त्यानं बिल माझ्या पुढ्यात सरकवलं.