पाय पाण्यात टाकल्यावर

जांभूळ हे नाव आमच्या भागातल्या माणसांना बहुतेक वेळा पाणी गेल्यावर आठवतं. जलवाहिनीच्या दुरुस्तीचं काम निघालं की निरोप फिरतो : उद्या जांभूळहून पाणी येणार नाही, भरून ठेवा. अंबरनाथ तालुक्यातल्या या गावात एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हास नदीला मिळतं, नदीतून ते उचलून इथं आणतात, शुद्ध करतात आणि मग ते उल्हासनगर-डोंबिवलीपासून पार ठाणे, नवी मुंबईपर्यंत जातं. इतक्या घरांची सकाळ ज्या गावावर अवलंबून आहे, ते गाव यांतल्या बहुतेकांनी पाहिलेलंही नसतं.

मी नगरकडची. यजमान गेल्यावर तिकडचं घर बंद करून मुलाकडे इथं राहायला आले. या वयात नवी सुरुवात करायची म्हणजे काय, ते बांधलेल्या बोचक्यांवरून कळत नाही. ते कळतं पहिल्या रविवारी, उपासनेला गेल्यावर. गीतं तीच, चाली मात्र वेगळ्या. प्रभुभोजनाच्या रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, एकही चेहरा ओळखीचा नाही. देव तोच आहे हे मनाला ठाऊक असतं, पण त्याच्यासमोर बसायची आपली जागा हरवलेली असते.

एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्याकडे साक्षी होतात. सरत्या वर्षाबद्दल आभार मानतात, आणि नव्या वर्षात प्रभू सगळं नवं करील असं प्रत्येक जण म्हणतो. मीही 'आमेन' म्हणते आणि मनापासून म्हणते. पण बाराचे ठोके पडले म्हणून माणूस नवा होत नाही. पवित्र शास्त्रानंही असं कुठे सांगितलेलं नाही. यहोशवाच्या पुस्तकात इस्राएल लोक यार्देन ओलांडतात, तो प्रसंग मला या बाबतीत फार जवळचा वाटतो. दिवस सुगीचे होते आणि नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. कराराचा कोश खांद्यावर घेतलेल्या याजकांना आज्ञा झाली ती चालण्याची. पाणी आधी हटलं आणि मग ते उतरले, असं झालं नाही. त्यांचे पाय काठच्या पाण्यात बुडाले, त्यानंतर प्रवाह थांबला. आणि तो थांबला तोही त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हे, तर वर खूप दूर, आदाम नावाच्या गावाजवळ.

हा तपशील आपण वाचताना सहज ओलांडून जातो. याजक जिथं उभे होते तिथून आदाम दिसत नव्हतं. वरच्या अंगाला देवानं पाणी अडवलं, त्याचा परिणाम खाली त्यांच्या पायांपर्यंत पोचायला काही वेळ तरी लागलाच असेल, असं मला वाटतं. तेवढा वेळ ते भरल्या नदीत, खांद्यावर ओझं घेऊन, ओल्या पायांनी उभे राहिले असतील. विश्वासाचा खरा कस मला तिथं दिसतो. पाऊल टाकायला धैर्य लागतं हे सगळेच सांगतात. पाऊल टाकून झाल्यावर, काहीच बदललेलं दिसत नसताना, तिथं उभं राहायला त्याहून मोठं बळ लागतं.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात अशी उभी राहिलेली एक बाई आहे. 1893 मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यातल्या एका युरोपीय प्रवाशानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. डोंगरावरच्या प्रवचनानं टिळकांचं मन जिंकलं आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांची नवी सुरुवात अशी तारखेनिशी सांगता येते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची तशी सांगता येत नाही. त्यांच्या दृष्टीनं त्या दिवशी घर मोडलं. पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत असून दुरावलेला आणि भोवती समाजाची बोलणी. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं, स्वयंपाक वेगळा होता. एका घरात दोन धर्म नांदत होते. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. माणसामाणसांतला उच्चनीच भेद देवानं केलेला नाही, आपणच केला आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचारानं पटत गेलं, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली जवळजवळ पाच वर्षं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिली आहेत, आणि त्यांत त्यांनी स्वतःची भीती, राग, हट्ट काहीच झाकलेलं नाही.

या पाच वर्षांना वाया गेलेला काळ म्हणायला माझं मन धजत नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली तरी ते त्याच क्षणी नितळत नाही, ते हलवायचं थांबावं लागतं, मग गाळ खाली बसतो. जांभूळच्या केंद्रात मोठ्या प्रमाणावर हेच चालतं : तुरटी, मग निवळणं, मग वाळूच्या थरातून गाळणं आणि शेवटी क्लोरिन. नदी टाकून देऊन दुसरं पाणी कुणी आणत नाही. लक्ष्मीबाईंचंही तसंच झालं. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांचा कोकणस्थी करकरीतपणा, त्यांची ओवी, त्यांचं खळखळून हसणं कुठे गेलं नाही. बसला तो फक्त भेदाचा गाळ. ख्रिस्तात नवं होणं म्हणजे आपलं सगळं पूर्वायुष्य पुसून टाकणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावं.

आणि एकदा सुरुवात केली की झालं, असंही त्या घरात कुणी मानलं नाही. 1917 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसालाही त्यात जागा होती. दोन वर्षांत, 1919 मध्ये ते गेले. त्यांनी लिहायला घेतलेल्या 'ख्रिस्तायन' काव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना लग्न झालं तेव्हा अक्षरओळखही नव्हती. उतारवयात त्या मुलाच्या संसाराबरोबर थेट कराचीला जाऊन राहिल्या. परकं शहर, परकी भाषा. मी इथं आले तेव्हा मला त्यांच्या कराचीचा फार आधार वाटला.

कराचीचं नाव निघालं की उल्हासनगर आठवणं अटळ आहे. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत, बराकींमध्ये राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते तिथं उल्हासनगरची पायाभरणी झाली. आज गजबजलेला बाजार पाहताना आपण त्या माणसांच्या जिद्दीचं कौतुक करतो. पण ती सुरुवात त्यांनी निवडलेली नव्हती. बारवीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांनीही ती निवडली नव्हती. धरणाची उंची वाढत गेली तशी तिथल्या माणसांची शेतं, घरं, देवळं बुडाली, आणि ते पाणी आज आमच्या नळाला येतं. लादलेल्या सुरुवातीला 'देवाची योजना' म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. प्रभू येशूच्या आईबापांनीही तान्ह्या बाळाला घेऊन रातोरात मिसर देश गाठला होता, तो हेरोदाच्या भयानं. शास्त्र हेरोदाचा गुन्हा लपवत नाही आणि त्या गुन्ह्याला देवाची इच्छाही म्हणत नाही. पळणाऱ्यांच्या सोबत देव होता, एवढंच ते सांगतं. दुःखातल्या माणसाला अर्थ सांगण्याआधी सोबत द्यायची असते, हे मला त्यातून समजलं.

आमच्या या पट्ट्यात रोज कुणीतरी नव्यानं राहायला येतं. मुंबईतल्या चाळीतली खोली विकून कुणी बदलापूरला फ्लॅट घेतं, मराठवाड्यातून कुणी कामाला येतं, लग्न होऊन कुणी मुलगी येते, माझ्यासारखी एखादी म्हातारी येते. त्यांतले काही जण रविवारी आमच्या मागच्या बाकावर येऊन बसतात. अशा माणसाला आपण प्रेमानं विचारतो, "रुळलात का इथं?" आणि पुढच्या महिन्यात ते गायनमंडळात दिसले नाहीत, बायकांच्या प्रार्थनासभेला आले नाहीत, तर त्यांचा विश्वास कमी पडतो असंही आपल्याच मनात येऊन जातं. तसं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. त्यांचे पाय पाण्यात आहेत. वर कुठेतरी देवाचं काम सुरू झालेलं असेल आणि ते त्यांच्यापर्यंत अजून पोचायचं असेल.

मंडळीनं करायचं ते काम साधं आहे. आलेल्याचं नाव लक्षात ठेवावं. आजारपणात डबा पोचवावा. रेशनकार्डाला, शाळेच्या दाखल्याला सोबत जावं. त्याच्या गावाकडची चाल एखाद्या रविवारी त्याच्याकडून शिकून सगळ्यांनी गावी. आणि बाकीचा वेळ त्याला त्याचा द्यावा, टिळकांनी आपल्या पत्नीला दिला तसा. ज्या देवानं आपल्याला घडवायला इतकी वर्षं घेतली आणि अजूनही घेतो आहे, त्याच्या लेकरांनी दुसऱ्याच्या सुरुवातीची घाई करू नये.