ही कोणत्या देशची?

गेल्या वर्षीं उंब्रज येथें एका विद्यार्थ्यानें दोन आसनांच्या चिमुकल्या मोटारीचें जुनें छायाचित्र दाखवून आम्हांस विचारलें, “सर, ही कोणत्या देशची?” आम्ही तत्काळ उत्तरलों, “इटलीची!”

सुटीनंतर तोच सांगत आला, “सर, इचलकरंजीच्या मामांनीं ओळखली. ही तर मीरा!” शोध घेतां तें खरें ठरलें. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालीं पहिली मीरा घडविली. लोखंडी पाट्यांऐवजीं रबर योजून त्यांनीं सुटे भाग कमी केले. मोठ्या प्रमाणावर मात्र ती कधींच निघाली नाहीं.

आम्ही ओशाळलों. नासरेथाविषयीं शंका घेणारा नथनेल आमच्याच ठायीं होता. बाळांनो, उत्तर देण्यापूर्वीं नीट निरखून पाहत जा. आणि गुरुजनांचें उत्तरही असेंच पारखून घ्या.