बिनफुलाचे झाड

माउली, तुळशीची सेवा कशी करावी हे तुम्हांला सांगायला नको. आज लिहिते आहे ती क्रोटनविषयी. पिवळ्या, तांबड्या, नारंगी पानांचे हे झाड मूळचे इंडोनेशिया-मलेशियाकडचे, उष्ण आणि दमट हवेचे. लेकीने ते गोदाकाठच्या नांदेडहून आमच्या लातूरच्या घरी आणून दिले. याचे फूल देवाला वाहत नाहीत, फळ खाता येत नाही. शोभा तेवढी.

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना? मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली, १० टाक्यांची. तेव्हा आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, मला म्हणाल्या, "तुळशीला घातलं तर देवाला पोचतं बाई. ह्याला घातलेलं कुठं पोचतं?"

प्रश्न खरा होता. शेजारी घागरी घेऊन ताटकळत असताना शोभेच्या झाडाला तांब्याभर पाणी कोणत्या तोंडाने घालायचे? पण दारात आलेला जीव तहानेने मरू द्यावा, हेही मनाला पटेना. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच पांडुरंग पाहिला. मळ्याचे काम हीच त्यांची पूजा. मग ठरले, पिण्याचे पाणी एक थेंबही द्यायचे नाही; तांदूळ आणि भाजी धुतलेले, बिनमिठाचे तेवढेच द्यायचे. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई स्वतःच ते वाटीत काढून ठेवू लागल्या.

त्या वाटीने मला पुष्कळ शिकवले. क्रोटनला रोज पाणी लागत नाही. बोट मातीत खुपसावे. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. कुंडीला भोक हवेच, नाहीतर मुळे कुजतात. पानांचा रंग पाण्याने नव्हे, उजेडाने येतो. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले की नवी पाने नुसती हिरवी येतात. म्हणून सकाळचे कोवळे ऊन येणारी पूर्वेची खिडकी उत्तम. वैशाखातले दुपारचे ऊन मात्र पाने करपवते. जागा सारखी बदलू नये, रुसल्यासारखी पाने गळतात. ओल्या फडक्याने धूळ पुसावी आणि पान उलटून पाहावे, कोरड्या हवेत खाली बारीक कोळी धरतात. तोडलेल्या पानाचा चीक अंगाला लावून घेऊ नये, लेकरांना पान चघळू देऊ नये.

तुम्ही आषाढी वारीला निघाल तेव्हा कुंडीत वाळक्या पाल्याचा थर घाला आणि शेजाऱ्यांना सांगा, "आधी बोट, मग पाणी." मायेपोटी जास्त पाणी घातले जाते आणि झाड त्यानेच जाते. सेवा म्हणजे आपल्याला द्यावेसे वाटते ते नव्हे, समोरच्याला लागते ते.

आत्याबाईंचे गुडघे आता वारीला साथ देत नाहीत. दिंडी निघाली की त्यांचे डोळे भरतात. मग त्या काठी टेकत खिडकीशी जातात, "विठ्ठल विठ्ठल" म्हणत एकेक पान पुसतात. कुठे पोचते, हे आता त्या विचारत नाहीत. तुमच्याही घरात असे कोणी मागे राहत असेल, तर निघताना एक कुंडी त्यांच्या हाती देऊन जा.

रामकृष्णहरी.