जब्याचा दगड

'फँड्री' म्हणजे डुक्कर. शब्द कैकाडी भाषेतला. अक्कलकोटच्या बाजारात मराठीबरोबर कन्नडही कानावर पडते आणि कन्नडात त्या जनावराला 'हंदी' म्हणतात. त्यामुळे आम्हाला तो शब्द अगदीच परका वाटला नाही. अडचण दुसरीच होती. आमच्या घरात ते नाव घेण्याची पद्धत नव्हती. वेळच आली तर 'बदजानवर' म्हणायचे. चुकून नाव तोंडातून निघाले तर चूळ भरायची. चाळीस दिवस जीभ नापाक राहते, असे अम्मी सांगायची. हे कुठल्या किताबात आहे, हे तिला कधी कुणी विचारले नव्हते.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. म्हणजे आमच्याच सोलापूर जिल्ह्याचे, पण पार दुसऱ्या टोकाचे. आम्ही तो पुढे एका रविवारी टीव्हीवर पाहिला, सगळे घर एकत्र बसून. अम्मी तसबीह घेऊन कोपऱ्यात. पडद्यावर ते जनावर दिसले की ती नजर वळवी, पण उठून गेली नाही.

जब्या म्हणजे जांबुवंत कचरू माने. शाळेत जाणारे, शालूवर मनोमन जीव जडलेले, जीन्सच्या पँटसाठी झुरणारे कैकाडी पोर. गावाच्या जत्रेत डुकरांचा उपद्रव होतो आणि ती धरण्याचे काम त्याच्या बापाच्या गळ्यात पडते. वर्गातली मुले बघताहेत, शालू बघते आहे, म्हणून जब्या आडोशाला लपतो. बाप त्याला ओढून काढतो, सगळ्यांसमोर मारतो. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि पाठलाग सोडून सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. मग बांधलेले डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रे. गावची टवाळ पोरे चिडवत मागे लागतात आणि जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. पडदा काळा.

या दगडाबद्दल पुष्कळ लिहून, बोलून झाले आहे. तो सवर्णांवर मारलेला आहे, असे म्हटले की आपण मुसलमान प्रेक्षक अलगद बाजूला होतो. आम्हाला ही वाटणी फार सोयीची वाटते. आमच्या गल्लीमागच्या गटारावर डुकरे हिंडत. ती धरायला माणसे येत, बरोबर जब्याच्या वयाची पोरे असत. जनावराचा आक्रोश सुरू झाला की मोहल्ल्यातली दारे-खिडक्या धडाधड लागत. त्या पोरांना कुणी शिवी दिली नाही, हे खरे. पण त्यांना कुणी पाणी विचारल्याचेही आठवत नाही. इस्लाममध्ये जातपात नाही, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. हराम ते मांस आहे. ते जनावर धरणारा माणूस कधीपासून हराम झाला?

पडदा काळा झाला तेव्हा खोलीत कुणी बोलेना. नववीतला पुतण्या एकदम उठला आणि टीव्हीकडे बघत मोठ्याने म्हणाला, "डुक्कर!" मग पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने.

"क्या बोल्या रे तू? जा, कुल्ली कर," अम्मी ओरडली.

"कुरआन में भी नाम हैच ना, दादी!"

हैच. खाण्याची मनाई सांगतानाच ते नाव येते, आणि सूरह बकराच्या त्याच आयतीत भुकेने नाइलाज झालेल्याला माफीही आहे. पोराने हे आधी हेरून ठेवले होते की त्या क्षणी सुचले, अल्लाह जाणे. भावाने हात उगारला. अम्मीने तांब्या पुढे केला. पुतण्याने चूळ न भरता ते पाणी घटाघटा पिऊन टाकले आणि चपला न घालताच बाहेर निघून गेला.

भाऊ रागावला होता, त्याहून जास्त घाबरला होता. आम्हालाही ते कळत होते. आपल्या घराघरांत वाढत्या पोरांना काय शिकवले जाते? आवाज चढवू नको. मिरवणूक असेल त्या दिवशी चौकात उभा राहू नको. कुणी काही बोलले तर मान खाली घालून घरी ये. सिनेमातल्या दगडानंतर पडदा काळा होतो. खऱ्या दगडानंतर पोलीस ठाणे असते, वकील असतो, बुडालेले दहावीचे वर्ष असते. आणि आपल्या पोराच्या हातात दगड दिसला तर त्याने तो का उचलला, हे विचारायला कुणी थांबत नाही. म्हणून आईबाप दगडाबरोबर पोरांच्या तोंडचा शब्दही काढून घेतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. पण पोराला मिसरूड फुटू लागले की कुठेतरी 'नाही' म्हणावेच लागते. बाहेर म्हणण्याची सोय नाही, मग ते घरात म्हणते, ज्या दादीच्या कुशीत वाढले तिच्याच तोंडावर.

दोन-तीन दिवस अम्मी त्याच्याशी बोलली नाही. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, चाळीस काय सहा दिवसही झाले नव्हते, तिने त्याला हाक मारून जवळ बसवले आणि यासीन वाचायला लावली. वाचून झाल्यावर भरलेला तांब्या पुढे करून पाण्यावर दम करायला सांगितले. त्याने फुंकर मारली. ते पाणी ती बिस्मिल्लाह म्हणून प्यायली.