पर्वती बंद करायची का?

व्हँकुव्हर, ऑगस्ट

प्रिय वहिनी,


दादाच्या फोनवर बायॉप्सीचा रिपोर्ट कळला आणि पाठोपाठ तुमचा मेसेज वाचला. स्तनातल्या गाठीबद्दल दोन ओळी, पुढच्या महिन्यातल्या शस्त्रक्रियेबद्दल एक, आणि शेवटी खरा प्रश्न: "आता पर्वतीची टेकडी चढणं बंद ना? सगळे म्हणतात, त्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही." उपचार काय द्यायचे ते तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडत नाही. पण बादलीच्या आणि पर्वतीच्या प्रश्नावर मोठं काम झालं ते मी राहतो त्याच गावात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

व्हँकुव्हरच्या मधोमध फॉल्स क्रीक नावाची एक चिंचोळी खाडी शिरली आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्यात ड्रॅगन बोटी दिसतात. दहा बाकांवर दोघी-दोघी अशा वीसजणी वल्ही मारतात, नाळेवर ढोल वाजवणारी बसते आणि मागे सुकाणूवर एकजण उभी असते. हा मूळचा चिनी खेळ १९८६ च्या एक्स्पो प्रदर्शनाच्या निमित्ताने इथे रुजला.

दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या २४ बायकांना या बोटीत बसवलं. सर्वांत लहान ३१ वर्षांची होती, सर्वांत मोठी ६२ ची. त्या काळात हे फार धाडसाचं होतं. स्तनाच्या शस्त्रक्रियेत बऱ्याचदा काखेतल्या लसीका ग्रंथी काढतात, कधी तिथे रेडिएशनही देतात. मग हातातलं लसीकाद्रव वर जायला वाट अपुरी पडते, ते साचतं आणि हात सुजतो. ही सूज जुनी झाली की पुरती जाणं अवघड असतं. म्हणून बायकांना बजावलं जायचं की हाताला जोर पडेल असं काही, आणि तेही पुन्हा पुन्हा, मुळीच करायचं नाही. आपल्याकडे बादलीचा धाक आला तो याच सल्ल्यातून.

मॅकेन्झींना या सल्ल्यामागे भक्कम पुरावा दिसेना. म्हणून त्यांनी मुद्दामच हातांना कष्ट देणारा खेळ निवडला. वल्हं मारणारी कमरेतून वळून पुढे झुकते, दोन्ही हात लांब करते, पातं पूर्ण पाण्यात बुडवते आणि पाठीच्या जोरावर मांडीपर्यंत ओढून आणते. ढोलाच्या ठेक्यावर हे एका मिनिटात कितीतरी वेळा होतं. सूज यायची असती तर ती इथे यायलाच हवी होती. या २४ जणींची आधी व्यायामशाळेत तयारी करून घेतली, मग त्या पाण्यात उतरल्या आणि जूनमधल्या शर्यतीतही भाग घेतला. एकीलाही नव्याने सूज आली नाही, आणि जिला आधीपासून होती तिची वाढली नाही. मॅकेन्झींनी १९९८ मध्ये हे कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात मांडलं.

चोवीस ही संख्या लहान, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पण २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी, हातावर आधीपासून सूज असलेल्या १४१ बायकांवर रीतसर चाचणी केली. निम्म्या जणींनी हळूहळू वजन वाढवत आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. त्यांची सूज दुसऱ्या गटापेक्षा वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. यातला "हळूहळू" हा शब्द माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या देखरेखीखाली शिकल्या होत्या आणि हातावर दाब देणारी बाही घालून वजन उचलत होत्या.

त्या २४ जणींच्या संघाचं नाव "अब्रेस्ट इन अ बोट". प्रयोग संपला तरी बायकांनी बोट सोडली नाही. त्यांचं पाहून देशोदेशी संघ निघाले. २०१८ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीवर शंभरावर संघ जमले होते. अशा मेळाव्यांत शर्यती झाल्या की सगळ्या बोटी एकमेकींना धरून उभ्या राहतात आणि गेलेल्या मैत्रिणींसाठी गुलाबी फुलं पाण्यात सोडतात. म्हणजे मरण तिथे कुणी लपवत नाही. मला यातला दिलासा असा वाटतो: हॉस्पिटलमध्ये सगळं माणसावर केलं जातं. कुणी रक्त काढतं, कुणी सलाईन लावतं, कुणी मशीनखाली सरकवतं. बोटीत ती बाई स्वतः काही करत असते, आणि ती थांबली तर शेजारणीच्या हातावर ओझं येतं. तिची कुणाला तरी गरज असते.

पण मोकळी हवा म्हणजे औषध नव्हे, हेही लिहायलाच हवं. याच परिसरात वाढलेल्या टेरी फॉक्सचा १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला. १९८० च्या एप्रिलमध्ये तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून कृत्रिम पायाने धावत निघाला. रोज जवळजवळ मॅरेथॉनइतकं अंतर, कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर थंडर बेजवळ खोकला आणि छातीतल्या दुखण्याने त्याला थांबावं लागलं. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला, वय अवघं २२. वाटेत तो नियमित तपासण्या टाळत राहिला. त्याच्या जिद्दीपुढे मान झुकते, पण दुखणं अंगावर काढण्याचं अनुकरण कुणी करू नये.

चालण्याबद्दलही आता चांगला पुरावा आहे. २०२५ मध्ये "चॅलेंज" नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेले ८८९ रुग्ण तिच्यात होते. एका गटाला आरोग्याची माहितीपुस्तिका दिली, दुसऱ्या गटाकडून तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तीन वर्षं व्यायाम करून घेतला. जे आवडेल ते करायचं. भरभर चालणंही चाले. पाच वर्षांनी आजार न उलटलेले व्यायामाच्या गटात सुमारे ८० टक्के होते, दुसऱ्यात ७४. आठ वर्षांनी हयात असलेले ९० आणि ८३ टक्के. स्नायू-सांधे दुखावण्याच्या तक्रारी मात्र व्यायाम करणाऱ्यांत जास्त होत्या. तुमचा आजार वेगळा, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू नाहीत. पण "कॅन्सर झाला, आता पडून राहा" हा सल्ला जुना झाला, एवढं नक्की.

पर्वतीच्या त्या रुंद दगडी पायऱ्या तुमच्या पायांना पाठ आहेत. तरी केमो सुरू झाली तर त्या काही दिवस परक्या वाटतील. काही औषधांनी तळपाय बधिर होतात, पायरीचा अंदाज चुकतो, उतरताना तर जास्तच. हिमोग्लोबिन खाली असेल तर दोन टप्प्यांत धाप लागेल. केमोनंतर साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा गर्दी टाळा, मोकळ्या वेळी पायथ्याशी सपाटीवर चाला. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहू नका, रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा. अंथरुणातून उठवणारच नाही असेही दिवस येतील. त्या दिवसांसाठी दादाला सांगा, पलंग खिडकीशी ओढून ठेव. रॉजर उल्रिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकंही कमी लागली. तुमच्या खिडकीबाहेर तर आंबा आहे.

आता एक काम करा. डॉक्टरांना "व्यायाम करू का?" असं मोघम विचारू नका, नाहीतर "आराम करा" असंच मोघम उत्तर येईल. काखेतल्या किती ग्रंथी काढणार, जखम भरल्यावर चालणं कधी सुरू करू, पायऱ्या कधी, वजन किती आणि कुणाच्या देखरेखीखाली वाढवू, केमोत हृदयावर ताण देणारं औषध आहे का, हे कागदावर लिहून न्या. दादाला बरोबर न्या आणि उत्तरं त्याला लिहून घ्यायला सांगा. आणि शस्त्रक्रियेआधीच फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही हातांचा घेर मोजून घ्या. पुढे सूज आलीच, तर ती ओळखायला तोच आकडा लागतो.

तुमचा धाकटा दीर